आबांची परात

आबांना काहीही विचारलं की ते आधी उकिडवे बसायचे, पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढायचे आणि जमिनीवर घोटभर पाणी ओतायचे. मग ते पाणी कुठे जातं ते बघत बसायचे. आपण वर उन्हात उभे. पाणी जरा घुटमळायचं, वळायचं, एखाद्या खड्याला वळसा घालून पुढे सरकायचं. तेव्हा कुठे आबा मान वर करून म्हणायचे, "इचारी लिन्हं. पानी खोटं नई बोलस."

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. माझ्याकडे चढउतार मोजायचं लेव्हल मशीन होतं, तिपाई होती, आकडे लिहायला वही होती. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मला आबांचा चांगलाच राग आला. त्यात त्यांच्या पिशवीत बाटल्या दोन. एकदा तहान लागली म्हणून मी न विचारता हात घातला, तर मनगटच धरलं. "ती नको रे भो. ती इचारानी शे. पेवानी दुसरी." म्हणजे एक बाटली पाण्याला वाट विचारायची, दुसरी प्यायची.

अशी माणसं तुम्हीही कामावर पाहिली असतील. वैताग येतो आणि त्यांच्याशिवाय कामही होत नाही.

काम होतं गोल्फच्या मैदानाचं. हसा, मीही हसलो होतो. शहाद्याहून वर सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या शेठचं हॉटेल आहे. आंब्याची बाग, राहायला खोल्या, आणि मागे काहीच न पिकणारा खडकाळ माळ. शेठनी कुठेतरी परदेशात हा खेळ पाहिला आणि आल्या आल्या ठरवलं की माळावर सहा खड्ड्यांचं छोटं मैदान करायचं. पुण्याहून एक साहेब नकाशे घेऊन आले. मी देखरेखीला. आणि जवळच्या पाड्यावरून माती हलवायला येणाऱ्या मजुरांवर मुकादम म्हणून आबा.

आबा मूळचे रनाळ्याचे. वय सत्तरीचं, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. तीसेक वर्षं त्यांनी सरकारी कामांवर मुकादमी केली होती. डोंगरउतारावर चर खणायचे, बांध घालायचे, शेततळी करायची. थोडक्यात, वाहतं पाणी दिसलं की त्याला थांबवायचं, एवढं एकच काम त्यांनी जन्मभर केलं.

पहिल्या दिवशी गवताची रोपं आली. आबांनी एक जुडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि मला विचारलं, "हाई ते हरळी शे ना?"

"हा आबा. हरळीच."

"वावरमाईन उपटता उपटता मन्हा बापनी कंबर गई. आनी आठे लावाले माणसं लायेल शेत?" शेतातून उपटून टाकायचं तण इथे माणसं ठेवून लावायचं! ते खाली बसले आणि इतके हसले की ठसका लागला. नंतर मात्र त्यांनी ती हरळी अशी जीव लावून लावून घेतली, की त्यांच्या वडिलांना खरंच वाईट वाटलं असतं.

आता मैदानातल्या चौथ्या खड्ड्याबद्दल सांगायला हवं, कारण आबांची गोष्ट ती तिथलीच आहे. गोल्फमध्ये ज्या खड्ड्यात चेंडू घालायचा, त्याच्या भोवतीच्या बारीक कातरलेल्या गवताला ग्रीन म्हणतात. साधारणपणे ते लांबून दिसतं, मध्ये झेंडा असतो, खेळणारा नेम धरतो. चौथ्या जागेवर मात्र मध्येच एक टेकाड होतं आणि त्याच्या पलीकडे नैसर्गिक खळगा. पुण्याचे साहेब टेकाडावर चढले, पलीकडे पाहिलं आणि खूश झाले. म्हणाले, "इथे हात लावायचा नाही. टेकाड राहू दे, खळग्यालाच वाडग्याचा आकार देऊ. माणूस अलीकडून आंधळेपणानं मारेल. चेंडू कुठे गेला ते त्याला कळणार नाही. धाकधूक करत वर चढेल, तर चेंडू चहूबाजूंनी घरंगळत खड्ड्याजवळ गेलेला. जुन्या काळी अशी ग्रीनं करत असत."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे परात," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्या जागेचं नाव परात पडलं ते आजतागायत.

परातीचा आकार आबांनी यंत्राला फारसा करू दिला नाही. मजुरांकडून फावड्यानं, घमेल्यानं, पाट्यानं ओढून घेतला. दिवसातून चाळीस वेळा बाटली निघायची. माझं लेव्हल मशीन एक सांगायचं, आबांचं पाणी एक. दोनदा मी हट्टानं पुन्हा मोजलं आणि दोनदा चूक माझ्या वहीत निघाली. तिसऱ्यांदा मोजायचं मी सोडून दिलं.

गवत धरल्यावर चाचणी म्हणून आम्ही दिवसभर पंप लावून परातीत पाणी सोडलं. नकाशाप्रमाणे तळाशी वाळू, खडी आणि खाली भोकं पाडलेला पाइप होता. पाणी तासाभरात निघून जायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर कमरेइतकं तळं. काठावर बगळे, आणि मधोमध पाड्यावरच्या दोन म्हशी डोळे मिटून बसलेल्या.

मी ओरडत आबांकडे गेलो. पाइप चोंदला म्हटलं, वाळू खराब आली म्हटलं, पुरवठादाराला चार शिव्या दिल्या. आबा शांतपणे म्हणाले, "पाइप चोंदना नई. तठे भोक व्हतं. मी बुजी टाकं."

"बुजी टाकं? आबा, ते पानी काढानं भोक व्हतं!"

"पानी काढानं?" त्यांना खरंच कळेना. तीस वर्षांत तळ्याच्या बुडाला भोक दिसलं की ते चिकणमातीनं बुजवायचं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. इथे त्यांनी न बोलता, वर कुणाला कमीपणा नको म्हणून, आमची चूक सुधारली होती. मी मजुरांसमोर त्यांना नको नको ते बोललो. आबा टॉवेल झटकून निघून गेले आणि दोन दिवस आले नाहीत. ते दोन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत.

तिसऱ्या दिवशी आले आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात नकाशा मागितला. पाइपच्या रेषेवर बोट फिरवत नेलं. रेषेच्या टोकाला बाण होता आणि तो कागदाच्या कडेला संपत होता.

"हाई पानी आठून कोठे जास?"

"बाहेर जास, आबा."

"बाहेर म्हंजे कोठे?"

हे कुणीच ठरवलं नव्हतं. मग आबांनीच बाटली काढली. दुपारपर्यंत त्यांनी उतारावर खाली, पाड्याच्या शेळ्या ज्या वाटेनं जातात तिथे, दगड लावून एक छोटी टाकी खणायला घेतली आणि पाइप तिच्यापर्यंत नेला. ती झाल्यावरच त्यांनी स्वतः परातीच्या तळाचा बोळा काढला. पाणी खळखळत खाली गेलं. शेळ्या आल्या. आबांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी गेला, आणि मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर एकदा सुटीच्या दिवशी त्यांनी मला मोटरसायकलवर बसवून त्यांची जुनी कामं दाखवायला नेलं. म्हणजे गाडी माझी, वाट त्यांची. एका उतारावर थांबवलं. "आठे चर व्हतात." चर बुजून गेले होते. पुढे एका शेतापाशी, "आठे बांध व्हता." नांगरून सपाट केलेला. एक तळं होतं, त्यात गाळ भरून बाभळी उगवल्या होत्या. त्याच्या काठावर आबा बराच वेळ उभे राहिले. पिशवीतली बाटली त्यांनी काढली नाही. परत येताना मागून म्हणाले, "एक तरी ऱ्हायले पाहिजे रे भो. परात ऱ्हाई ना?"

मी म्हटलं, ऱ्हाई. मनापासून म्हटलं.

आणि महिनाभरात शेठनी टेकाड तोडायचं ठरवलं.

त्यांच्या कुणा खेळणाऱ्या दोस्तानं सांगितलं होतं की झेंडाच दिसत नसेल तर पाहुणे चिडतील. शेठ म्हणाले, "झंडा दिखना चाहिए, भाई. पाहुणा पैसा देके अंधेरे में क्यों मारेगा?" पुण्याच्या साहेबांनी फोनवर हात वर केले. मालकाची मर्जी, म्हणाले. होळी झाली की मशीन यायचं ठरलं.

आबांना मी सांगितलं तेव्हा ते टेकाडाच्या माथ्यावर बसले होते. टेकाडाचा उतार हीच परातीची एक बाजू होती. ती गेली की राहिला नुसता घसरता माळ. "परातनी कोर काढी टाकी ते ती परात ऱ्हाई का?" एवढंच बोलले.

होळीला मैदान ओस पडलं. मजूर वर डोंगरात काठी गावच्या मोठ्या होळीला गेले होते, ते तीन-चार दिवस तरी परत येत नाहीत. आणि नेमके शेठ दुसऱ्याच दिवशी सकाळी खेळायच्या नवीन काठ्यांची पिशवी घेऊन आले, मशीनवाल्याला जागा दाखवायला. आबा पुढे झाले आणि शेठना हात जोडले. "शेठ, एक चेंडू मारा. मंग तुमनं मन व्हई ते करा."

शेठ खेळाडू कसले! हौस दांडगी, चेंडू मात्र बहुतेक वेळा झुडपात. तरी म्हाताऱ्याचं मन मोडवेना. ते अलीकडे उभे राहिले. आबा टेकाडाच्या माथ्यावर, त्यांना दोन्ही बाजू दिसत. मी परातीच्या मागच्या कडेवर, एका काळ्या धोंड्याजवळ.

शेठनी मारला. चेंडू बरोबर टेकाडावरून आला, हे मोठंच नवल. धोंड्याच्या खाली, माझ्यापासून दहा पावलांवर पडला, थोडा घरंगळला आणि गवताच्या झुबक्यात अडकून बसला. खड्डा अजून कितीतरी लांब.

आबांनी चेंडू पाहिला. मागे वळून शेठना पाहिलं, ते वाकून काठी पिशवीत घालत होते. मग हा सत्तरीचा माणूस भरभर उतरला, परात ओलांडून आला, बाटलीचं बूच उघडलं आणि चेंडूच्या मागे, पुढे गवतावर पाणी ओतलं. गवत आडवं झालं. चेंडू डळमळला आणि निघाला. आबा तोवर माथ्यावर परतले होते, शेठना खूण म्हणून टॉवेल हवेत उंच धरून.

शेठ धापा टाकत वर आले. चेंडू खड्ड्यापासून वीतभर अंतरावर. त्यांनी काठ्यांची पिशवी तिथेच टाकली. मग लहान पोरासारखे उतारावरून धावत खाली गेले आणि आबांना हाक मारमारून तो चेंडू दाखवू लागले, जसा काही आबांना तो दिसलाच नव्हता. मशीनवाला आल्या पावली परत गेला. तो फटका शेठ आजही येईल त्या पाहुण्याला सांगतात, आणि पाहुणे टेकाडावर धाकधूक करत चढतात.

मला मात्र ते खुपलं. टेकाड वाचलं याचा आनंद होता, पण ज्याच्या पाण्यापुढे मी माझं मशीन गुंडाळून ठेवलं होतं, त्यानंच लबाडी करावी? मी थट्टेच्या आडून टोचायचो. "आबा, त्या दिन तुमनं पानी खोटं बोलनं."

ते चिडायचे नाहीत. "पानी खोटं नई बोलनं. वाट आडेल व्हती, मी मोकळी करी." आणि विषय बदलायचे. मला ती पळवाट वाटायची, आणि मी ती त्यांना प्रेमानं माफ केली आहे, अशा तोऱ्यात राहायचो. किती मूर्ख असतो माणूस.

पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलानं त्यांना सुरतला नेलं, तिसऱ्या मजल्यावर. फोनवर तब्येतीची चौकशी केली की म्हणायचे, "मन्हं जाऊ दे. परातमाईन पानी उतरस ना?" मी म्हणायचो, उतरस आबा, शेळ्या पेतीस. मग बराच वेळ ते फोन ठेवायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. रनाळ्याला आणलं होतं, मी गेलो होतो. परत आल्यावर घरी न जाता सरळ मैदानावर आलो. गवत त्याच सकाळी कापलेलं होतं. शेठच्या पिशवीतला एक चेंडू घेतला आणि त्या काळ्या धोंड्याच्या खाली, बरोबर दहा पावलांवर ठेवला. का, ते सांगता येणार नाही. त्यांची लबाडी एकदा नीट बघावी, असंच काहीतरी असेल.

हात काढला आणि चेंडू निघाला. आपला आपण. आधी हळू, मग वळण घेत, परातीच्या तळाशी जाऊन खड्ड्याजवळ थांबला. मी पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा मला गवत कापायचं यंत्र आठवलं.

त्या होळीला ते शहाद्याला दुरुस्तीला होतं. काम झालंय, घेऊन जा, म्हणून मिस्त्रीचे दोन फोन आले होते, आणि मी दोन्ही वेळा उद्या येतो म्हटलं होतं. आठ दिवस गवत वाढत राहिलं. ते काम माझं होतं, दुसऱ्या कुणाचंही नाही. आबांचा उतार बरोबर होता. चेंडू माझ्या आळसात अडकला होता, त्या माणसानं तो बाटलीभर पाण्यानं सोडवला, आणि इतकी वर्षं माझे टोमणे ऐकूनही यंत्राचं नाव काढलं नाही.

मी तिथे बसून रडलो. आसपास कोणी नव्हतं आणि असतं तरी चाललं असतं.

मग पिशवीतून बाटली काढली. माझ्याजवळ प्यायचीच होती. धोंड्याखाली उकिडवा बसलो, घोटभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत राहिलो.