काडतुसांविना ब्रह्मपुरी

सुएझ कालव्यावर इंग्रजांनी लढाई काढली आणि ब्रह्मपुरीला जायची पाळी माझ्यावर आली. मी नागपुरात बंदुकांच्या दुकानात नोकरीला. कालवा बंद, त्यामुळे आमची विलायती काडतुसं आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या कुठल्याशा जहाजात अडकलेली. "गिऱ्हाइकांना गोड बोलून थोपव, नाहीतर दुसऱ्या देशाचा माल घेतील," मालक म्हणाले. रिकामी बॅग घेऊन निघालो.

तुम्ही जाणार असाल तर छोट्या गाडीने नागभीडला जा आणि तिथे गाडी बदला. आलूबोंडे खा, चहाच्या वाटेला जाऊ नका. ब्रह्मपुरीपासून पुढे बैलबंडी मिळते. भाडं आधी ठरवा, नाहीतर बंडीवाला वाटेत सासुरवाडी उरकून घेतो.

आमचं जुनं गिऱ्हाईक डोमाभाऊ वैनगंगेकाठी राहतात. परवान्याची एकनळी बंदूक, थोडं धान आणि त्यावर वर्षभर जगणारं मोठं कुटुंब. धान कापणीला आलेलं, आणि रानडुकरांनी एक बांधी, म्हणजे बांधातला धानाचा तुकडा, आधीच लोळवलेली.

"काडतुसं आनली का?"

"जहाज वाटेत आहे, भाऊ."

"मंग डुकरायले सांगू का, जहाज येईस्तोवर थांबा म्हनून?"

खरं सांगतो, लाज वाटली.

तेवढ्यात त्यांची बायको सखूबाई आतून म्हणाली, "दंडारीची तालीम चावडीत काऊन करता? वावरात करा ना!"

दंडार म्हणजे इकडचं नाचगाण्याचं नाटक. संध्याकाळी अख्खी मंडळी ढोलकीसकट बांधावर. मलाही राक्षस केलं, कारण दुकानात ओरडून माझा आवाज तयार झालेला. जंगलाच्या कडेला डुकरं आली, माझं एक भाषण ऐकलं आणि माघारी गेली. मालकांना 'मला ताप आलाय' अशी तार ठोकली आणि कापणी होईपर्यंत तांदळाची भाकर, मासोळीचं कालवण हाणत राक्षसपद भोगलं.

शेवटचा भारा खळ्यात पडला तेव्हा सखूबाईंनी पदराने डोळे पुसले.

निघताना डोमाभाऊ म्हणाले, "काडतुसं राहू दे, बाबू. ढोलकी फुटली. नवी धाडजो."

नागपुरात परतलो तो घोगरा आवाज आणि अंगावरची धानाची कुसळं घेऊन. दोन्ही जाऊ नयेत असं वाटत होतं.

"काय ऑर्डर आणली?" मालकांनी विचारलं.

"एक ढोलकी."

"अरे, आपण बंदुका विकतो!"

"डोमाभाऊंना विकत होतो, आता त्यांचं ढोलकीवर भागतं," मी म्हणालो, आणि ढोलकी घ्यायला इतवारी बाजाराकडे निघालो.