तुरीच्या ओळीत निजलेली

दुपारचे दोन वाजले की माझं शरीर मला विचारत नाही. हातातलं ब्लाउज अर्धं शिवलेलं असो, गिऱ्हाईक दारात उभं असो, ते सरळ खाली बसतं. आमच्या बाभुळगावची लाइटसुद्धा जायच्या आधी दोनदा मिचमिचते. माझ्या शरीराला तेवढीही रीत नाही.

लोकांना वाटतं, थकवा म्हणजे काम केल्यावर येतो तो. तसा असता तर मी त्याला पाट मांडून बसवलं असतं. माझा थकवा सकाळी माझ्या आधी उठलेला असतो. वेणी घालताना हात मध्येच खाली घ्यावा लागतो. कुकर उचलायच्या आधी मनाशी ठरवावं लागतं. बाजारातून घरी यायला इतरांना दहा मिनिटं लागतात; मी वाटेत तीनदा थांबते, त्यातलं एक थांबणं चपलांच्या दुकानासमोर असतं. दुकानदाराला वाटतं, या बाईला चपलांचा फार शौक, पण घ्यायची दानत नाही. वाटू दे बापड्याला.

मला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर मरतात, अंगात रक्त टिकत नाही, मधूनमधून हाडं ठणकतात आणि डोळे पिवळे होतात. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हे कागदावर चित्र काढून सांगितलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि पाचवा महिना चालू होता. मला लाल कार्ड मिळालं. पुढे मुलगी झाली, तिला पिवळं. म्हणजे तिच्यात तो दोष आहे, पण आजार नाही. देवाने तिथे तरी हात आखडता घेतला. लाल कार्डावर एसटीत तिकीट लागत नाही. कंडक्टर कार्ड बघतो, मला बघतो आणि म्हणतो, "तुम्ही तं चांगल्या दिसता." मी म्हणते, "दिसाले काय जाते, भाऊ."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "माहेरी आणखी कुणाला असा त्रास होता का?" मी "नाही" म्हणाले. पटकन, शाळेतल्या हजेरीसारखं. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं आणि कळलं की मी खोटं बोलले. एक होती. त्या एका 'नाही'नंतर माझी मेलेली ताई माझ्याकडे राहायला आली ती आजतागायत गेली नाही.

भूत म्हणावं असं ती काही करत नाही. भांडी पाडत नाही, पैंजण वाजवत नाही. मी थकले की ती येते, एवढंच. घरात शिरण्याआधी दाराच्या चौकटीला तळहात लावून क्षणभर उभं राहायची तिची सवय होती. एके दिवशी माझाच हात मला चौकटीवर दिसला आणि मी तो चटका बसल्यासारखा काढून घेतला. दोन जिने चढून बसले की जो श्वास ऐकू येतो तो तिचा असतो, शेवटी बारीक शीळ असलेला. आरशात डोळे पिवळट दिसले की मी आरशाकडे पाठ करते. ती एकोणिसाव्या वर्षी गेली, मी आता अडतीसची आहे. तरी थकव्यात मोठी तीच असते.

आमचं माहेर दारव्ह्याकडे, चार एकर वावर. कापूस वेचायला मजूर लावायची ऐपत नव्हती, म्हणून पाच-सहा घरच्या बायका मिळून आज आमच्या वावरात, उद्या त्यांच्या, अशी वेचणी चालायची. प्रत्येकीने दोन ओळी धरायच्या, त्याला पात म्हणतात. सगळ्याजणी एका रेषेत पुढे सरकतात. एखादी मागे राहिली की तिची पात तशीच पांढरी उरते आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतं की कोण कामचोर आहे. ताईची पात रोज पांढरी उरायची.

तिला काय नावं ठेवली नाहीत आम्ही! आयतखाऊ, बसकी म्हैस, नवाबाची लेक. दरवर्षी तिचे डोळे पिवळे व्हायचे आणि दरवर्षी आमच्याकडे त्याचं एकच नाव होतं, कावीळ. एक म्हातारा चुन्याच्या पाण्याने तिचे हात चोळायचा, परातीतलं पाणी पिवळं झालं की मान डोलवायचा आणि काड्यांची माळ तिच्या डोक्यावर ठेवायचा. काड्या वाळत, दोरा सैल होई, माळ लांबत गळ्यात उतरे, मग पोटापर्यंत. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. हळद-तेल बंद, ताक-भाकरी चालू. पंधरा दिवसांनी सगळे म्हणत, आता बरी आहेस, चल वावरात. ती निमूटपणे निघे.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. बायकांना पाणी पाजायचं काम माझ्याकडे होतं. दिवाळीनंतरचा एक दिवस, ऊन अजून टोचत होतं. कपाशीत दर काही ओळींनंतर तुरीची ओळ असते, आणि त्या वर्षी तूर माणसापेक्षा उंच झाली होती. घागर घेऊन मी तिथून जात होते तर तुरीच्या मुळाशी, कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस डोक्याखाली घेऊन, ताई निजलेली. तिने डोळे उघडले. ओठांवर बोट ठेवलं. "मायले सांगू नको व," एवढंच म्हणाली.

मला राग आला. घागर जड होती, हात भरून आले होते, आणि ही मोठी असून सावलीत पडलेली. मी बांधावर चढले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडले, "माय, ताई तुरीत झोपली!"

बायका थांबल्या. माय ताडताड आली, तिने ताईला दंडाला धरून उठवलं. "लोकाइच्या पोरी पाहा! लाज नाही वाटत व तुले?" ताई उठली. कुणाकडे न बघता तिने आपली पात धरली आणि दिवस मावळेपर्यंत वेचली. त्या दिवशी तिची एकही ओळ पांढरी उरली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे पाय आणि छाती दुखायला लागली, अशी की ती किंचाळायची. डोळे हळदीसारखे झाले. आधी माळ आली, मग जीप. जीप दवाखान्यात पोचली तेव्हा उशीर झाला होता. गावाने म्हटलं, काविळीने गेली. आणि वर्ष सरल्यावर, सवयीने, हेही म्हणत राहिलं की पोरगी गुणाची होती, जरा आळशी होती, एवढंच.

माझं निदान झाल्यावर ते 'आळशी' मला टोचायला लागलं. पण मायला मी सांगितलं नाही. मला काय झालंय असं तिने विचारलं की मी म्हणायचे, "रक्त कमी हाय." बारा वर्षं मी हेच म्हणत आले. खरं सांगितलं तर ताईच्या नावावरचा डाग पुसला जाणार होता, पण मरायला टेकलेल्या लेकीला आपण कापूस वेचायला उठवलं, हे मायला कळणार होतं. न सांगावं तर ताई कायमची आळशी. शिवाय ओरडले होते मी, हे काय मला विसरता येत होतं? मायची मी काळजी घेत होते की स्वतःची कातडी वाचवत होते, हे मी स्वतःलाही नीट विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली. नवरा दिवसभर राळेगावला कामावर, मुलगी शाळेत. घरात आम्ही दोघीच. पट्टी सुटली तशी मायला सगळं लख्ख दिसायला लागलं, नको तेही. दुपारी मी आडवी झाले की ती खाटेवरून म्हणायची, "दिवसा लोळू नाही बाईनं. लक्ष्मी जाते." मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. चौथ्या दिवशी म्हणाली, "अशी ते लोळे." ती कोण, हे तिने सांगितलं नाही. त्या खोलीत ते सांगायची गरजही नव्हती.

आणि मग एका दुपारी डोळे उघडले तर माय माझ्यावर वाकलेली. तिच्या हातात काड्यांची माळ. नव्या नजरेने तिला माझे पिवळे डोळे दिसले होते आणि शेजारच्या बाईकडून तिने गुपचूप कुठून तरी ती मागवली होती. माळ माझ्या केसांना लागली मात्र, आणि मी ओरडले. मला माझा आवाज ओळखू आला, बांधावरचाच होता.

"काढ ते! कावीळ नाही मले! तिलेही नव्हती! रक्ताचा रोग हाय हा, तिले होता, मले हाय, तुह्याकडून अन् बाबाकडून आला. ते आळशी नव्हती, माय. मरून राह्यली होती ते, अन् आपण तिच्याकडून कापूस वेचून घेतला!"

मायने माळ हळूच उचलली, पदरात गुंडाळली आणि खाटेवर जाऊन बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताटातली अर्धी भाकरी उरवायची. मी मशीनवर बसून टाके घालत होते आणि मनात म्हणत होते, झालं समाधान? बारा वर्षं जपलेलं भांडं एका फटक्यात फोडलंस.

तिसऱ्या दुपारी दोन वाजता मी नेहमीप्रमाणे कोसळले. माय खाटेवरून उतरली आणि माझ्या पायाशी येऊन बसली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. मीच आधी म्हणाले, "माय, मी सांगतलं होतं तुले त्या दिवशी. ते नको म्हणत होती."

"माहीत हाय," माय म्हणाली. "पण तू सांगाच्या आधीपासून मले माहीत होतं. ते रोजच तुरीत निजे."

मी उठून बसायला गेले. तिने माझा पाय दाबून मला झोपवलं.

"रोज निजे. मी माही पात धरता धरता तिचीही ओळ जमन तेवढी वेचो, अन् तिच्या ओटीत टाको. कोणाले समजू नाही दिलं. त्या दिवशी त्या रांगेत एका पोराची मावशी होती. त्या पोराच्या घरचे तुह्या ताईले पाहाले येणार होते ना, लग्नासाठी. अन् तू बांधावरून बोंबलली. साऱ्या बायका पाहून राह्यल्या होत्या. मंग काय करू मी? उठवलं." माझ्या पायावरचा हात न काढता ती म्हणाली, "तू हळू सांगतलं असतं तं मी निजू दिलं असतं."

तिने हे दुखवायला म्हटलं नाही. तांदळात खडा सापडला की बाजूला ठेवावा तसं म्हटलं. पण मला ते लागलं, आणि मी जिवंत आहे तोवर लागत राहील. सत्तावीस वर्षं मी वाट बघत होते की कुणीतरी म्हणावं, पोरी, तुझी चूक नव्हती. ते माझ्या आईला म्हणता आलं नाही, कारण ते खरं नव्हतं. मी तोंडावर हात ठेवून रडले. माय माझे पाय दाबत राहिली. तिचीही चूक होती, आणि तीही मी पुसू शकत नव्हते.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कसं लागते व, तुले? सांग मले. तिले मी कधी इचारलंच नाही."

मग मी सांगितलं. डॉक्टरांना सांगते तसं नाही. सांगितलं की झोपून उठलं तरी अंगाला झोप लागलेलीच नसते. हाडांत ओला कापूस भरलाय असं वाटतं. समोरचा माणूस बोलतो ते ऐकू येतं, पण उत्तर द्यायला जी ताकद लागते ती आधीच श्वासाला देऊन टाकलेली असते. भीती वाटते की आपण खरंच आळशी आहोत. माय प्रत्येक वाक्यानंतर "मंग?" म्हणायची. मी 'मला' म्हणत होते, ती तिचं ऐकत होती. आम्हा दोघींनाही ते कळत होतं.

बोलता बोलता माझे डोळे मिटले. दाराची कडी वाजली तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. गल्लीतली एक बाई ब्लाउजसाठी आली होती. मी उठायला हात टेकला, पण माय आधीच दारात पोचली होती.

"झोपली हाय ते," मायचा आवाज आला.

"उठवा ना जरा, मावशी. संध्याकाळी लग्नाले जाणं हाय आमाले. लोक काय म्हणतीन?"

"बिमार हाय माही पोरगी," माय म्हणाली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "नाही उठवत मी तिले."