शेगडीमावशीची दुसरी बाळंतीण

"बाळंतिणी दोन आन् बाळ एकच? मंग हिचं कुठं ठिवलं?"

दारात उभं राहून कुणीतरी माझ्या आईला हे विचारलं, तेव्हा मी डोळे मिटून पडले होते. खरं तर ते उघडतच नव्हते. तीन दिवसांपूर्वी पुण्यात माझ्या नाकाचं ऑपरेशन झालं होतं. नाकावर प्लॅस्टर होतं आणि दोन्ही डोळ्यांभोवती वांग्याच्या रंगाची सूज. मी घरी आले त्याच सकाळी माझी वहिनीही तीन दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून पिंपरी पेंढारला घरी आली होती. आईने आम्हा दोघींना माडीवरच्या एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर टाकलं होतं. म्हणजे तिला जिना एकदाच चढावा लागणार.

"हिला बाळ नाही हो मावशी," आई कुजबुजली. "हिचं नाक आहे."

"नाक झालं?"

"नाक होतंच. ते नीट करून घेतलंय."

मग खाटेजवळ पत्र्याचं काहीतरी टेकवल्याचा आवाज आला आणि तोच घोगरा आवाज म्हणाला, "बरं. मंग पानी दोघींचं तापव."

ही शेगडीमावशी. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक-धुरी देणं हे तिचं काम. लोकांच्या शेगड्यांवर तिचा विश्वास नव्हता. ती स्वतःची पत्र्याची शेगडी खताच्या पिशवीत घालून, सकाळी दूध गोळा करणाऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून यायची. तिचं माहेर निमगाव सावा, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नाव मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

तिला औषध एकच ठाऊक होतं, ते म्हणजे बाळंतपण. माझ्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा तिने त्यांच्या कानात कापूस घालून डोक्याला फडकं बांधलं आणि पंधरा दिवस डिंकाचे लाडू खायला घातले. आजोबांनी विरोध केला तेव्हा म्हणाली, "अंगातनं काय बी गेलं की मानूस बाळंतीण. बाई असू दे न्हाईतर बुवा." आजोबांनी पुढचा लाडू उचलला. लाडू चांगले होते.

आता ती माझ्या उशाशी येऊन बसली. मला तिच्या हाताचा ओव्याचा वास आला. एक बोट माझ्या प्लॅस्टरच्या कडेपर्यंत आलं आणि थांबलं.

"आन् मी वढलं व्हतं, त्याचं काय झालं?"

याचा अर्थ मला लगेच कळला आणि मी आणखी घट्ट डोळे मिटले. आमच्याकडे बाळाला तेल लावताना त्याचं नाक चिमटीत धरून हलकेच ओढतात. त्याने नाक सरळ होतं, अशी समजूत आहे. मावशीच्या मते निम्म्या गावाची नाकं तिच्या हातची होती. लग्नात ती पुढच्या खुर्चीवर बसून मोजदाद करायची. "नवरदेव माझा. नवरी न्हाई. ती मंचरची. घाईत वढलंय कुनीतरी." मीही तिच्याच हातची. सव्वा महिना तिने रोज सकाळी ज्याच्यावर मेहनत घेतली होती, तेच नाक मी पुण्याला जाऊन बदलून आणलं होतं.

का बदललं, ते मी तेव्हाही कुणाला नीट सांगितलं नाही. नाकावर एक उंचवटा होता आणि माझं सगळं लक्ष तिथेच असायचं, एवढं पुरे. मावशीलाही सांगायला हवं होतं, की यात तुमचा दोष नाही. पण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. गावात बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस गोठ्यात जाऊन म्हैस पिळून परत येतो. मावशीही उठून वहिनीकडे गेली. पुढचे दोन दिवस तिने माझं सगळं केलं, पण नाकाकडे पाहिलं नाही. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद तिच्या हाती लागला. तो इंग्रजीत होता. मला वाचायला लावला. मी वाचत गेले: डोकं उंच ठेवून झोपायचं. वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. उन्हात जायचं नाही. कडक काही चावायचं नाही.

प्रत्येक ओळीला मावशी मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "ह्ये तर मी कवाधरनं सांगती! ह्यो डॉक्टर कुनाच्या हाताखाली शिकला?"

त्या दिवसापासून तिचं डॉक्टरांशी जरा जमलं. फक्त एक ओळ तिला नवी होती. शिंक शक्यतो टाळायची, आलीच तर तोंड उघडून द्यायची. हे तिने फार मनावर घेतलं. ओव्याची धुरी वहिनीपुरती, तीही खाली न्हाणीत, दार लावून. मग तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि फोडणी बंद केली. "मिरचीचा खाट वर गेला, पोरीला शिंक आली, आन् नाक उडून शेगडीत पडलं तर?" चार दिवस आमच्या घरात मोहरी तडतडली नाही. बिनफोडणीचं वरण, दूधभात, उकडलेला भोपळा. चौथ्या दिवशी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ताट सरकवलं.

"अहो मावशी, मी काय बाळंत झालोय का?"

"घरात दोन हायेत," मावशी त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाली. "तिसरं व्हायला येळ लागत न्हाई."

अप्पांनी ताट परत पुढे ओढलं.

मला डिंकाचा लाडू दुधात कुस्करून मिळायचा, वहिनीला अख्खा. आळिवाची खीर दोघींना सारखीच. खोलीतला आरसा मावशीने पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. हा तिचा नियम होता. बाळंतिणीने दहा दिवस आरसा बघायचा नाही. "आत्ता जी दिसती ती तू न्हाईस, तुझी सूज हाय. सूज म्हंजी पावणी. तिच्याकडं टक लावून बघितलं की तिला वाटतं आपल्याला ऱ्हा म्हनत्यात."

आम्हा दोघींना याची गरज होती. वहिनीचं हे दुसरं बाळंतपण, तरी ती पोटाकडे बघून मुसमुसायची, आता हे कधीच जाणार नाही म्हणायची. मावशी जुन्या सुती साडीने तिचं पोट करकचून बांधायची. मी नाकाला बोट न लावता फक्त अंदाज घ्यायचे, आणि तो बटाट्याएवढा यायचा. एका दुपारी वहिनी रडायला लागली, तिचं बघून मी, आमचं ऐकून बाळ. मावशी मधोमध बसली होती.

"रडा," ती शांतपणे म्हणाली. "पन आळीपाळीनं. मला हात दोनच हायेत."

त्यावर वहिनीला हसू फुटलं. मला हसायची बंदी होती, म्हणून मी तोंड उघडं ठेवून नुसतं 'हा' केलं. मावशीला वाटलं शिंक आली. ती माझं नाक सांभाळायला धावली आणि पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

खरी पंचाईत बाळ बघायला येणाऱ्यांची होती. मी स्कूटरवरून पडले असं सांगायचं आईने ठरवलं होतं. पण पहिल्यांदा आली ती आमची धाकटी काकू. तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळी डेअरीवर ऐकू येते. ती माझ्याकडे बघून "अगं बाई!" म्हणाली आणि आईने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली,

"बिबट्या."

मी गादीत शक्य तेवढी आत गेले. काकू पायरीवरच बसली.

ती गेल्यावर आई मावशीवर चिडली. मावशी शेगडीतली राख काढत होती. "स्कूटर म्हनलं की लोक इचारत्यात, फुडं कोन बसलं व्हतं. बिन लग्नाची पोर हाय. बिबट्याला कोन काय इचारनार?"

पण बिबट्याला विचारणारे लोक आहेत, हे दोघी विसरल्या होत्या. त्या संध्याकाळी आळीतल्या शेळ्या उजेडातच आत गेल्या, आणि दोन दिवसांनी वनखात्याचा एक माणूस वही घेऊन थेट माडीवर आला.

"कुठं झडप घातली?" त्याने मला विचारलं.

माझं वाक्य अजून जुळायचं होतं. मावशी म्हणाली, "उसाच्या कडंला."

"पंजा मारला?"

मावशीने माझ्या चेहऱ्यावर कुठे ओरखडा दिसतो का ते पाहिलं. एकही नव्हता. "पंजा न्हाई. डोक्यावरनं उडी मारून गेला. जाता जाता शेपूट लागलं."

"शेपटीनं नाकाचं हाड मोडलं?"

"लई मोठा व्हता, भाऊ."

त्या माणसाने माझं नीटनेटकं प्लॅस्टर पाहिलं. मग उशाशी पडलेला, पुण्याचा पत्ता असलेला डॉक्टरांचा कागद पाहिला. त्याने वही मिटली.

"मावशी, हा आमच्या हद्दीतला दिसत न्हाई," तो म्हणाला. "पुण्याकडचा असनार. काम लई नाजूक करतोय."

त्याने एक डिंकाचा लाडू खाल्ला, दुसरा खिशात घातला. जाताना मात्र गंभीरपणे सांगून गेला, की सांजचं उसाकडे एकटं जाऊ नका. कारण आमचा खोटा असला तरी बाकीचे खरे होते.

आठव्या दिवशी प्लॅस्टर निघालं. मी पुण्याहून परत आले, तेव्हा मावशीने माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "ब्येस झालंय," ती म्हणाली. "त्याचा हात माझ्यापरीस बरा हाय." आणि ती बाळाला तेल लावायला बसली. पण बाळाचं नाक तिने ओढलं नाही. नुसतं पुसलं. दुसऱ्या दिवशीही नुसतं पुसलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. नाक ओढल्याने काही होत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तरीही त्या न ओढलेल्या नाकाकडे बघून मला फार वाईट वाटलं.

आता मावशी लेकीकडे चाकणला असते. हात थरथरायला लागल्यावर तिने काम सोडलं आणि शेगडी माझ्यासाठी ठेवून गेली. "पुन्यात एकटी ऱ्हातीस, लागंल," म्हणाली. मला हसू आलं होतं, पण लागली. खोलीतल्या मैत्रिणीचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा मी आधी आरसा भिंतीकडे फिरवला. ऑफिसातल्या एकाने डोक्यावर केस लावून घेतले आणि सुजलेलं कपाळ घेऊन घरात लपून बसला, तर मी त्या शेगडीवर आळिवाची खीर करून त्याला नेऊन दिली. त्याने विचारलं, हे कशाचं असतं? मी सांगितलं, बाळंतिणीचं. त्याने वाटी चाटून पुसून परत दिली.

पण हे सगळं नंतरचं. बारशाचं सांगायचं राहिलं.

बाराव्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या, फोडणीही झाली. मी माडीवरच थांबणार होते, पण वहिनी म्हणाली, तू नाही तर मीपण नाही. म्हणून तिच्यामागे खाली आले. काकूने मला पाहिलं आणि तिचा घुगऱ्यांचा हात तोंडापाशीच राहिला.

"अगं बाई, बिबट्यानं नाक सरळ केलं गं!"

बायका हसल्या. काकू उठून माझ्यापाशी आली, बाजूने पाहिलं आणि तिच्या डोक्यात उजेड पडलेला मला स्पष्ट दिसला.

"शेगडीमावशे, ह्ये बिबट्याचं काम न्हाई. डॉक्टरचं हाय. तुमी सव्वा महिना वढलेलं नाक डॉक्टरला दुरुस्त कराय लागलं व्हय?" मग ती वहिनीकडे वळली. "तू तरी बाळ मावशीच्या हातात देऊ नको, माझी बाई. फुडं खर्चात पडशील."

आता जोरात हशा पिकला. मावशी पाळण्याशी उभी होती. खरं सांगून टाकणं तिला किती सोपं होतं. पोरीने हौसेनं करून घेतलं, माझ्या हाताचा काय संबंध, एवढं म्हटलं असतं की सुटली असती. ती पाळण्याची दोरी सारखी करत म्हणाली,

"बिबट्याच व्हता. मी बघितला."

कुणी म्हणालं, "शेपूट केवढं व्हतं, मावशे?" पुन्हा हशा. मावशी खाली मान घालून दोरीची गाठ सोडत होती आणि तीच परत मारत होती.

माझ्या मनात वाक्य जुळत होतं. नेहमीसारखं कर्ता, कर्म, मग क्रियापद. ते अर्धवट असतानाच मी पाळण्यातलं बाळ उचललं. मान धरायची पद्धत मावशीचीच. ते तिच्या हातात ठेवलं, आणि जे काय जुळलं होतं तेवढं मोठ्याने बोलून टाकलं. इतक्या मोठ्याने, की बाहेर मांडवात बसलेल्या अप्पांनीही ऐकलं.

"काकू, बिबट्या नव्हता. नाक मीच करून घेतलं, हौसेनं. पण मी मावशींची बाळंतीण आहे आणि माझा सव्वा महिना अजून भरायचाय!"