माझा तुकडा काय म्हणतोय?

मी एका बाईला सांगितलं होतं, तुमचा कॅन्सर आता परत येत नाही, निर्धास्त जा. मी डॉक्टर नव्हते. बेंगळुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवायचं काम मी करत होते, आणि तेही नुकतंच शिकलेलं. पण प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाला खळ घालून कडक इस्त्री करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की गाठीचा एक तुकडा आमच्याकडे येई. त्याचा केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर औषधं घालायची आणि पी-फिफ्टीथ्री नावाचं जनुक बिघडलंय का ते पाहायचं. बिघडलं असलं तर बहुधा पेशींत तपकिरी रंग भरे. कुणाची गाठ परत येईल हे यावरून आधी ओळखता येईल का, एवढाच तो शोध होता. घरी मी या जनुकाबद्दल इतकं बोले, की सासूबाईंना तो बसचा नंबर वाटायचा.

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, यातलं काहीही पेशंटला सांगायचं नाही, याचा उपयोग आहे की नाही हे आपल्यालाच अजून माहीत नाही. मी मान डोलावली होती. मान डोलावायला काय लागतं.

ज्या बाईला मी ते सांगितलं, त्यांना सगळे मावशी म्हणत. त्या निपाणीकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुराच्या कडेला, येलहंक्याला आलेल्या. पोरवयापासून मिश्री लावायची सवय. ती भाजलेल्या तंबाखूची पूड सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासायच्या. शेवटी डाव्या गालात गाठ झाली आणि गाल कापावा लागला. शहरी कानडी त्यांना जमत नसे, ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, या दोन शब्दांवर सगळा बाजार करत. म्हणून त्या तपासणीला आल्या की मला वरून खाली बोलावणं येई, दुभाषी म्हणून.

गालावर पदर धरून त्या बाकावर बसलेल्या असत. मला पाहिलं की पहिला प्रश्न ठरलेला.

“बाई, माझा तुकडा काय म्हणतोय?”

जसं काही पोर आमच्याकडे शिकायला ठेवलं होतं. मी म्हणे, अजून काही म्हणत नाही.

“सरी. ल्हान हाय अजून.”

ऑपरेशननंतर तोंड किती उघडतं, हे डॉक्टर बोटांनी मोजतात. मावशींचं दोन बोटं उघडे. भाकरी बंद झाली, आंबिलीवर दिवस निघायचा. त्याचं दुःख करण्याऐवजी त्या नवऱ्याची नक्कल करत. दोन बोटांत खायला भागत नाही पण बोलायला भागतंय, म्हणून तो बिचारा हताश झालाय, असं सांगून पदराआड खुदुखुदु हसत. अशी माणसं दवाखान्याच्या बाकांवर तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना धीर द्यायला जातो आणि चहा पिऊन, बरं वाटून परत येतो.

दर दोन महिन्यांनी त्यांना यायचं होतं. दोन बसेस बदलून त्या येतही होत्या. मग एकदा म्हणाल्या, लेकीचं बाळंतपण आलंय, गावी जायचंय, पुढच्या तारखा हुकतील. जाऊ की नको? तुकडा काय म्हणतोय तेवढं बघून सांगा, त्यावर ठरवते.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, डॉक्टरांना विचारू. त्यांची खोली दहा पावलांवर होती. पण इस्त्रीचा कोट अंगात असला की माणसाला दहा पावलंही चालवत नाहीत. मी वर गेले, वहीतून त्यांचा नंबर काढला, काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरली. तपकिरी रंगाचा ठिपकाही नव्हता. खाली येऊन मी सांगितलं, तुमचा तुकडा स्वच्छ आहे, जनुक चांगलं आहे, खुशाल जा. मावशींनी माझे दोन्ही हात कपाळाला लावले. आणि मी ते लावू दिले.

त्या आल्या नऊ महिन्यांनी. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

मला खाली बोलावलं. डॉक्टर चिडले होते. म्हणाले, विचारा यांना, मधल्या तपासण्यांना का आल्या नाहीत. मी तो प्रश्न मराठीत केला. माझ्याच तोंडून. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. लेकीच्या बाळंतपणात अडकले, माझीच हयगय झाली, असं सांगा म्हणाल्या. आणि मी ते शब्दन् शब्द कानडीत सांगितलं. इतकं चोख भाषांतर मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

साहेबांसमोर तोंड उघडायला मला दोन दिवस लागले. ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, रंग न येण्याला कारणं अनेक, कधी औषध कापावर नीट चढतच नाही, कधी जनुक इतकं मोडलेलं असतं की रंग धरायला काही उरत नाही. कोरी काच म्हणजे चांगली बातमी, हे तुम्हाला सांगितलं कुणी? कुणीच नाही. मीच मला सांगितलं होतं. मावशी वेळेवर आल्या असत्या तर जगल्या असत्या का, हेही कुणी सांगू शकलं नाही. गाठ लहान असताना सापडली असती, एवढंच.

वर्ष पुरं व्हायच्या आत त्या गेल्या. आता मी आजी आहे, घरात सगळ्यांच्या टोप्या उडवते. पण त्या बाकाची थट्टा मला जमत नाही.

ती शेवटची भेट त्याच बाकावर, गाठ दिसल्यानंतर महिन्याभराने. आता तोंड एकच बोट उघडत होतं. मी म्हटलं, मावशी, तुकडा काहीच बोलला नव्हता, मीच बोलले. डॉक्टरांपुढेही तुमच्यावर ढकललं. त्यांनी गालावरचा पदर सारखा केला. मग थांबत थांबत म्हणाल्या,

“माझी नात नऊ म्हैन्यांची झाली, बाई. नुसतं बगती, बोलत न्हाई. तुकडाबी तसाच हाय. फुडं कुनी इचारलं तर सांगा, त्यो अजून बोलाया शिकला न्हाई, तवर तुमी येत ऱ्हावा.”