खाली अडकलेली सीट

सायकल मला येत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रविवारी बालाघाटात ज्यांनी ज्यांनी मला पाहिलं, त्यांना तसं मुळीच वाटलं नसणार.

कृष्णाकाठच्या आमच्या गावी मी लहानपणी मामाची सायकल चालवायची. उंची पुरायची नाही म्हणून दांडीखालून पाय घालून, कैंचीत. पुढं आई अंथरुणाला खिळली आणि सातवीतच माझी शाळा सुटली. गावातल्या शिंप्याच्या बायकोनं शिवण शिकवलं. त्याच शिवणावर एका महिला संस्थेत शिकवण्याचं काम मिळालं, पण ते थेट मध्य प्रदेशातल्या बालाघाटला. सकाळचा वर्ग शहरात, दुपारचा गोंदियाच्या रस्त्यानं जाऊन आत वळल्यावर लागणाऱ्या एका खेड्यात. तिथं प्रवासी मोटार जात नव्हती. "सायकल येते ना?" असं विचारलं, तेव्हा मी घाईनं हो म्हणाले. सायकल मिळेल का, हे मी विचारलं नाही.

सकाळचा वर्ग आटोपून चालत खेड्यात पोचेपर्यंत बाया वाट बघून पुन्हा शेतावर गेलेल्या असायच्या. उरायची ती एखादी म्हातारी, तीही उन्हाला बसलेली. संस्थेच्या मोठ्या बाईंच्या कानावर ते गेलंच. त्या म्हणाल्या, "सोमवारी मी स्वतः येते. वर्ग भरलेला दिसला तर राहा. नाहीतर तुमचं परतीचं तिकीट काढू. त्यात वाईट वाटून घेऊ नका."

परतीचं तिकीट मला परवडणारं नव्हतं. घरी माझ्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून धाकटी दोघं बसली होती.

रविवारी सकाळीच बाहेर पडले. छोट्या रेल्वेच्या स्टेशनाजवळ किरायाच्या सायकलींचं पहिलं दुकान. सगळ्या चोवीस इंची, एकीचीही दांडी माझ्या कमरेखाली नाही. मी म्हणाले, सीट खाली करून द्या. दुकानदारानं पान्यानं सीट पार खाली आणली, मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाला, "सीट तो नीचे हो गई बाई, अब आपको ऊपर कैसे करूँ?" बाकावर बसलेले दोघं तिघं हसले. मीही हसले. मग वळून चालायला लागले तेव्हा हातातली पिशवी तिथंच राहिल्याचं आठवलं, म्हणजे पुन्हा एकदा हसू.

दुसऱ्या दुकानात लेडीज सायकल होती. म्हणजे तिची जागा होती. सायकल एका मास्तरीणबाईंनी महिन्याच्या बोलीनं नेलेली. "कधी परत येईल?" "मास्तरनी की बदली होगी तब."

तिसरं दुकान बाजाराच्या टोकाला. तिथं कोपऱ्यात एक जुनी बावीस इंची उभी होती, मडगार्डवर रंगानं आकडा काढलेली. सीट खाली केल्यावर माझे चवडे जमिनीला टेकले. फक्त चवडेच, पण टेकले. मी हँडल धरलं, तर दुकानदारानं दुसऱ्या बाजूनं धरलं.

"किसके घर की हो?"

मी संस्थेचं नाव सांगितलं.

"संस्था नहीं पूछा. घर किसका?"

तिथं रीतच तशी होती. अनोळखी माणसाला सायकल द्यायची तर कुणीतरी ओळखीचं मध्ये लागायचं. माझं घर शेकडो मैलांवर, ते सांगून काय उपयोग? शिवाय दांडीवरून पाय टाकून पाहिला तर गोल नेसलेलं सहावारी पातळ गुडघ्याशी अडकलं. मी तशीच खोलीवर आले.

घरमालकीण मावशी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. राजेगावच्या शेतकरी घरातल्या, लग्न होऊन शहरात आलेल्या. मी आत गेले, पाणी प्याले, बाहेर आले, पुन्हा आत गेले.

"काहून वं, आल्यापासून आतबाहेर करून राह्यली? जेवली का?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग मले सकाळीच काहून नाई सांगितलं?"

"तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास म्हणे. चाल."

त्या पुढं, मी मागं. दुकानासमोर जाऊन त्यांनी पदर खोचला. "हे माह्या घरची हाये. सायकल दे."

"काकी, कौन लगती है आपकी?"

"पोरगी लागते. बारक्या बांध्याची झाली, आता काय करू? तुह्या सायकली कोणते धड हायेत!"

तो हसला आणि सायकल उद्या सकाळी न्या म्हणाला. मला मात्र हसता येईना. दांडीचं काय करायचं हे डोक्यात फिरत होतं.

घरी येऊन मावशींनी पेटीतून स्वतःचं नऊवारी काढलं. "हे नेस. कासोटा घातला का दांडीचं भेव नाई."

मी मागं सरले. नऊवारी मला येत नव्हतं असं नाही. आमच्याकडंही सगळ्या तेच नेसायच्या. पण मोठ्या बाई गोल पातळ नेसायच्या, म्हणून नोकरी गोल पातळातच होते असं मी धरून चालले होते. गावाहून निघताना दोन्ही लुगडी बहिणीला देऊन आले होते.

"त्या काय म्हणतील, मावशी?"

"थे काय म्हन्तीन थे म्हन्तीन. आंधी पोचशीन तं खरी!"

सोमवारी शहरातला वर्ग संपला तशी मी निघाले. पहिला फर्लांग नुसती डुगडुगत गेले. दर थोड्या अंतरावर उतरून सीटचा बोल्ट आवळायचा, कारण ती सैल पडून फिरेल अशी भीती. पाना दुकानदाराकडून मागून घेतला होता. पुढून बैलगाडी आली की उतरायचं, मागून मोटारीचा आवाज आला की उतरायचं. प्रत्येक आवाज मला मोठ्या बाईंच्या जीपचा वाटायचा.

पोचले तेव्हा बाया नुकत्या जेवून येत होत्या. मला पाहून थबकल्या. त्यातली एक पुढं आली, माझा कासोटा निरखला आणि ओरडली, "अवं पाहा वं, मास्तरीण आपल्यावानी नेसून आली!" मग जी हसाहस झाली, तीत सगळ्या येऊन बसल्या, आजवर दूर ओट्यावर बसणाऱ्यासुद्धा. कात्री कुणी घ्यायची यावरून भांडण लागलं.

जीप आली ती त्या भांडणात. मी उठून उभी राहिले, पदर सावरायला हात गेला. मोठ्या बाई दारात थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे पाहिलं. मग आत येऊन एका बाईनं बेतलेली बाही हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून वेळ हीच ठेवा."

उद्यापासून. तो शब्द मी परतीच्या वाटेवर किती वेळा म्हटला असेन!

तरी जीव स्वस्थ नव्हता. सायकल रोज संध्याकाळी परत करावी लागायची, आणि रोज सकाळी वाटायचं, ती दुसऱ्यानं नेली असेल. दुकान उघडायच्या आत मी फळीपाशी उभी. आणि रोज तो सीटचा बोल्ट, आज आणखी थोडा, आज आणखी थोडा, असा मी आवळत राहिले. एके सकाळी दुकानदार कपाळाला हात लावून बसलेला.

"क्या कर दिया बाई? एक लंबा आदमी आया था कल शाम. सीट ऊपर ही नहीं हो रही. हथौड़ी से भी नहीं."

मी घाबरून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. माझं संपतच नव्हतं, तसं त्यानं हँडल माझ्याकडे ढकललं.

"अब ये किसी और के काम की नहीं. ले जाओ, महीने के हिसाब से. और मेरा पाना वापस करो."

पाना मी तिथल्या तिथं देऊन टाकला.