पंप पाणी ओढत नाही

प्राध्यापक हबीब सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त काढायच्या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला आणि मथळाही देऊन टाकला: ‘सरांनी आम्हाला वर ओढले’. मथळा ऐकूनच मी अडखळलो. ओढण्याची भाषा सरांसमोर टिकत नाही, हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी निदान मला तरी चांगले ठाऊक आहे. ते कसे ठाऊक झाले, हे सांगायचे तर पहिल्या ओळखीपासूनच निघावे लागेल.

कॉलेजात सर आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवीत. विषयाचे नाव तेव्हा नुकतेच बदलून फ्लुइड मेकॅनिक्स झाले होते. आमच्या तोंडी ते हायड्रॉलिक्सच राहिले. सर इंग्रजीत बोलत, आम्ही उतरवून घेत असू. मागच्या बाकावर बसणाऱ्या माझी त्यांना ओळख असण्याचे काही कारण नव्हते. ती झाली मी त्या विषयात नापास होऊन आर्णीला घरी आलो तेव्हा. सरही आर्णीचेच. त्यांचे थोरले बंधू रशीदभाई यांचे तेलइंजिने आणि पंप दुरुस्तीचे दुकान बसस्टँडजवळ होते, आणि सुटीत सरांचा मुक्काम त्यांच्याकडे असे. दिवाळीच्या आधी फेरपरीक्षा होती. तीत नापास झालो तर कॉलेज बंद आणि मुकुटबनला मामांच्या किराणा दुकानात बसायचे, असे वडिलांनी ठरवून टाकले होते. मामांनी गादीला नवी खोळसुद्धा शिवून घेतली होती.

मी सरांकडे गेलो. दुकानासमोरच्या बाकड्यावर ते चहा पीत बसले होते.

“काहून नापास झाला?” त्यांनी विचारले.

“सूत्रं सारी याद होती, सर. प्रश्न फिरवून आला.”

“आन् पाणी? पाणी कधी पाह्यलं का नीट?”

मी सूत्रांची वही उघडू लागलो. सर म्हणाले, “उद्या सकाळी ये.”

सर वर्गात इंग्रजी, घरात भावाशी हिंदी आणि माझ्याशी वऱ्हाडी बोलत. पहिले बरेच दिवस त्यांनी मला एकही सूत्र लिहू दिले नाही. पुस्तकातले उदाहरण वाचायचे आणि त्यात पाण्याचे काय चालले आहे ते घरच्या बोलीत सांगायचे, एवढेच काम. “सांग, पाणी काय करून राह्यलं?” हा त्यांचा एकमेव प्रश्न. नीट सांगता आले तरच पेन्सिल हातात मिळे. नळ पुढे अरुंद झाला तर वेग आणि दाब यांचे काय होते, हे मला इंग्रजीत घडाघडा म्हणता येत होते. तेच वऱ्हाडीत सांगताना माझी बोबडी वळली. इंग्रजीत मी जे म्हणत होतो ते मला कधी कळलेच नव्हते, आणि ते मान्य करायला मला आठवडा लागला. सरांनी तो आठवडा मला दिला. फी घेतली नाही, रागावलेही नाहीत. उत्तर चुकले की ते फक्त चहा मागवीत, आणि त्या उन्हाळ्यात मी पुष्कळ चहा प्यालो.

अशात एके दिवशी नामदेवराव नावाचे शेतकरी दुकानात आले. त्यांची संत्र्याची कलमे सुकत होती. विहीर खोल, पंप विहिरीच्या काठावर. उन्हाने पाणी खाली गेले आणि पंपाने काम सोडले. इंजिन धडधडे, नळातून पाण्याचा थेंब येत नसे. नामदेवराव यवतमाळहून मोठे इंजिन आणायला निघाले होते. रशीदभाईंना ते पटले. मलाही पटले, आणि मी ते तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा मोठ्या आवाजात सांगितले. सर आम्हा सगळ्यांना घेऊन विहिरीवर गेले, खाली वाकून पाहिले आणि माझ्याकडे वळले.

“पाणी काय करून राह्यलं?”

“वर नाई येऊन राह्यलं, सर. पंपाले ओढणं झेपत नाई.”

“ओढते कायनं? पाण्याले दोर बांधला का?”

नामदेवराव हसले. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी एक बाटली पाण्याने काठोकाठ भरली, बुचाला भोक पाडून त्यातून तांब्याची बारीक नळी आत सोडली आणि बुचाभोवती मेण लावले. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, “ओढ.” मी ओढले. पाणी येईना. जीव खाऊन ओढले, कान तापले, पाणी जागचे हलेना. रशीदभाई म्हणाले, “बस करो, इंजिनिअरसाब के गाल पीठ को लग गये.” सरांनी हात पुढे करून बूच जरासे ढिले केले. त्यासरशी पाणी माझ्या तोंडात आले आणि मला ठसका लागला.

“आता सांग,” सर म्हणाले.

ठसका थांबल्यावर मी सांगितले, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बरोबर सांगितले. पाण्याले कोनी ओढत नाई. पाण्यावर हवा बसली हाये, ते त्याले दाबते. पंप फक्त नळीतली जागा खाली करते, आन् हवा पाण्याले त्या जागेत ढकलते. बूच ढिलं केलं तवा बाटलीत हवा शिरली. एका उंचीवर हवेचा जोर संपला का पाणी थांबते, मंग इंजिन घराएवढं आणा. सरांनी मान हलवली आणि पेन्सिल दिली. नामदेवरावांच्या विहिरीत पाण्यापासून थोड्या उंचीवर, भिंतीत कोनाडा खोदून पंप खाली उतरवला. इंजिन जुनेच राहिले. पाणी आले.

फेरपरीक्षेच्या तोंडीला सर कॉलेजचे परीक्षक असणार होते, त्यामुळे मला मोठा धीर होता. खोलीत गेलो तर सरांच्या खुर्चीवर दुसरेच प्राध्यापक. हा मुलगा माझ्या घरी शिकला आहे, त्याच्या वेळी मी बसणार नाही, असे सरांनी प्राचार्यांना आधीच सांगितले होते. मला फार राग आला. ज्यांनी इथवर आणले, त्यांनी नेमके इथे सोडून द्यावे, याचे वाईट वाटले.

बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडचे होते. मराठीचा गंध नाही. पंप पाणी किती उंच ओढतो, असे त्यांनी इंग्रजीत विचारले. ओढतच नाही, असे मी म्हणालो, आणि तिथे माझे इंग्रजी संपले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुस्तकात त्या नळाचे नावच सक्शन पाइप, म्हणजे ओढणारा नळ, आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. मला मुकुटबनची गादी दिसू लागली. मग मी खडू उचलला. नामदेवरावांची विहीर काढली, पंप काढला, शेजारी बुचाची बाटली काढली. ते बाटलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, आता हिच्यातले पाणी वर आणून दाखव. मी बोटाने बूच पुसले आणि विहिरीवर व बाटलीवर वरून खाली येणारे बाण काढले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

सर बाहेर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत उभे होते. फळ्यावर विहीर आणि बाण काढून आलो, असे मी सांगितले.

“बाण कोनीकडून काढला?”

“वरून, सर. पाण्यावर.”

“मंग जा, जेवून घे.”

मी पास झालो आणि मामांना दुकानासाठी दुसरा माणूस शोधावा लागला. आज पाटबंधारे खात्यात आर्णी-मारेगावकडचे सरांचे विद्यार्थी भेटतात. प्रत्येकाची एक तक्रार असतेच, की ऐन वेळी सर खोलीत नव्हते. ती सांगताना आवाजात अभिमान असतो.

लेख लिहायच्या आधी मी सरांना भेटून मथळा वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

“म्या काय तुमाले दोर बांधला होता?”

“मंग काय लिहू, सर?”

सरांनी चहा मागवला, म्हणजे माझे उत्तर चुकले होते. चहा आला. मग म्हणाले, “बूच ढिलं केलं, म्हनून लिही. त्याच्याहून जास्त काई लिहू नोको.”

म्हणून समितीची क्षमा मागून मथळा बदलला आहे. हबीब सरांना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. आर्णीला अजून पुष्कळ मुले नापास होऊन घरी यायची आहेत.