मार्कोरावांचं नाव घेते

माझं नाव वडिलांनी आजोबांवरून ठेवलं. त्यात एक जोडाक्षर आहे आणि इथे बेसिंगस्टोकमध्ये कुणी इंग्रज त्याच्या वाटेला जात नाही. ऑफिसात नावाची आद्याक्षरं झाली. कॉफीच्या दुकानात मागे रांग खोळंबलेली असताना तिसऱ्यांदा स्पेलिंग सांगायची मला लाज वाटली, आणि एके दिवशी मी सरळ सांगून टाकलं, मार्को.

हे इटालियन नाव मला भलतंच लाभलं. ऑफिसच्या जेवणाचं टेबल मार्कोने बुक केलं की खिडकीजवळचं मिळायचं. कौन्सिलला कचऱ्याबद्दल कडक तक्रार करायला मार्कोच पुढे. नावाचा अर्थ शोधला, तर युद्धदेवतेचा म्हणे. शेजाऱ्यांच्या मांजराला बिचकणारा मी, दोन दिवस छाती काढून फिरलो.

बायको मला 'अहो' म्हणते. माझं नाव ती वर्षातून एकदाच घेते, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, उखाण्यात. आईवडील गेल्यापासून ते नाव नीट उच्चारणारं तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून दरवर्षी मी चहा वाटायचं निमित्त करून मंडळाच्या हॉलमध्ये घुटमळतो. हे तिला कधी सांगितलेलं नाही.

यंदा हॉलवर जाताना आम्ही दोघं कॉफीला थांबलो. काउंटरवरून मार्कोला हाक आली आणि मी लगबगीने उठलो. तिने कपावरचं नाव वाचलं. हळदीकुंकवात तिची पाळी आली तेव्हा मी किटली घेऊन दाराशीच उभा होतो.

"बेसिंगस्टोकच्या थंडीत कॉफी होते गार,
मार्कोरावांचं नाव घेते, आधीचं विसरले पार."

बायका पोट धरून हसल्या. मीही हसलो आणि चहा सतरंजीवर सांडला. नाव घेणारं एकच माणूस होतं, आणि तिच्यासमोर मीच ते टाकून दिलं होतं.

परतताना मी तिला पुन्हा त्याच दुकानात नेलं. काउंटरवरच्या मुलीने न विचारताच मार्को लिहायला घेतलं. मी तिला थांबवून खरं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, दोनदा. मागे रांग खोळंबली. बायको शेजारी ओठ दाबून उभी. कप हातात आल्यावर मी तिला विचारलं, आता घेशील का?

"पुढच्या संक्रांतीला, अहो," ती म्हणाली. "तोवर टिकलं तर."